धर्मातात्यांची फेरमोजणी

आमच्या नागावात कुणी घरासाठी जागा घेतली की धर्मातात्या आधी तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवत. मग डोळे मिटून सांगत, "खारट हाय. गिलावा दोन पावसांत सुटंल." समोरचा मुंबईचा पेढीवाला असला तरी तात्यांच्या जिभेवर अपील नव्हतं.

तात्यांनी उभा जन्म सरकारी मोजणीत साखळी ओढली होती. साहेब छत्रीखाली, तात्या चिखलात. नकाशावर सही साहेबाची. पण गुरचरण कुठलं, भरतीचं पाणी शिरणारं खाजण कुठलं, गावाची वाट कुठल्या बांधावरून जाते, हे विचारायचं ते तात्यांना. "जमीन कोनच्या कामाची हाय त्ये बगा, मंग घर," हे त्यांचं पालुपद. हद्दीचा दगड सरकवणारा माणूस त्यांच्या हिशेबी खुन्याहून वाईट.

चौदा वर्षं भाड्याच्या खोल्यांत मास्तरकी करून मी एक तुकडा घेतला. शेतजमिनीवर घर बांधायची परवानगी कचेरीतून आणली. पावसाआधी छप्पर चढलं नाही तर आणखी एक वर्ष भाड्याच्या गळक्या कौलांखाली काढायचं होतं. परवानगीचा कागद तात्यांनी उलटा धरून पाहिला. "कागूद चांगला हाय. आता जागा बगू."

मग पंधरा दिवस तात्या रोज हजर. एक दिवस उधाणाचं पाणी कुठवर येतं ते बघत बसले. एक दिवस शेजारच्या म्हशींमागे हिंडले. "ही त्यांची वाट हाय, मास्तर. सयपाकघरात शिरतील." घर चार हात मागे सरकलं. म्हशींबाबत त्यांचं खरं होतं, हे मला मुकाट्याने कबूल करावं लागलं. दुपारी चहाला आमच्याकडे येत आणि माझ्या बायकोला 'वयनी, वयनी' करत तालुक्यातल्या साऱ्या जमिनी ऐकवत.

अखेर जागेतले दोष संपले. जोत्याच्या चार खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर एक खुंटी हातभर सरकलेली. "गुरांनी हलवली आसंल," म्हणत तात्यांनी फेरमोजणी काढली. तिसऱ्या दिवशीही तेच. गवंडी वैतागला, पाऊस तोंडावर आला होता.

चौथ्या दिवशी गुरांना मुद्देमालासकट पकडायला मी उजाडताच माडाआड जाऊन उभा राहिलो. आले ते तात्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुंटी उपटली, हातभर पलीकडे ठोकली आणि स्वतःचे कान धरून जमिनीला हात जोडले.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी माडाआडच थांबलो. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि मोजणी संपली की आमच्याकडे यायला निमित्त उरणार नव्हतं.

गवंडी आल्यावर मी म्हटलं, "तात्या, जोतं आज खणायलाच हवं. पण घर झालं की वाडीची मोजणी आहे. एकेक माड मोजायचा."

तात्या दुसरीकडे बघत म्हणाले, "माडांची मोजनी लई येळ खाती, मास्तर."

"खाऊ दे. दोन-तीन वर्षं गेली तरी चालतील."

 तात्यांनी सरळ जाऊन ती खुंटी उपटली आणि साखळी न लावताच बरोबर जागी ठोकली.