संत्र्याकडे जाणारा पाइप

साबणाच्या फेसाचा एक तुकडा न्हाणीतल्या जाळीपर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि सावकाश परत प्रेमिलाच्या पायाशी आला. तिने आणखी तांब्याभर पाणी ओतले. या खेपेला फेसासोबत केसांचा पुंजकाही परत आला. तो सासऱ्यांचा, हेही तिला ओळखता आले आणि तिचे डोके तापले. सदर भागातल्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. पाणी उताराकडे वाहते, हे तिथे सहावीच्या मुलींनाही पटत होते.

घरात न्हाणी बांधली होती ती सासूबाईंसाठी. रुखमाबाईंचे गुडघे धरले होते, अंगणातल्या जुन्या न्हाणीपर्यंत जाणे त्यांना होईना. पाइप समोरच्या नालीत सोडला की काम संपले असते. पण सासरे रुपराव सावनेरची शेती भावावर सोपवून शहरात आले होते आणि मागच्या अंगणात त्यांनी संत्र्याचे झाड लावले होते. आंघोळीचे पाणी नालीत घालवायचे म्हटले की त्यांचा जीव कासावीस होई.

"मामाजी, झाड उंचावर आहे," प्रेमिला पहिल्याच दिवशी सासऱ्यांना म्हणाली होती. "पाणी चढणार नाही."

"सारी जिंदगी वावराले पाणी देऊन ओलित केलं हाय म्या. मागून बांध उचलला का पाणी बरोबर चढते."

प्रेमिलाने नवऱ्याकडे पाहिले.

"बघू," शरच्चंद्र म्हणाला.

नत्थू मिस्त्रीने पाइप झाडाकडे नेला. पाणी न्हाणीतच उभे राहिले. रुपरावांनी बांध उचलायचा तसा न्हाणीचा तळ दीड फूट उचलून घेतला, नवी फरशी बसवली, आणि पाणी खरोखरच झाडापाशी निघाले! शेजारच्या मारोतरावांना हाताला धरून आणून त्यांनी ते दाखवले. पण पाइप आधी खाली जाऊन मग वर चढत होता. त्याच्या पोटात केस आणि साबणाचा गाळ बसत गेला, आणि एका सकाळी सगळे पाणी मागे फिरून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली आले.

"आता तरी नालीकडे घ्या ना!" प्रेमिला म्हणाली.

"उंबरठा उचला," रुपराव म्हणाले.

उंबरठा गुडघ्याएवढा झाला. पाणी आतच राहू लागले, म्हणजे न्हाणीचा हौद झाला. त्यात चढताना शरच्चंद्राचे डोके छताच्या टिनावर आपटले.

"पाइप खाली घ्यायचा सोडून सारं घर वर चढून राहिलं!" त्याच्या टेंगळावर हळद दाबताना प्रेमिलाचा हात जरा जास्तच जड पडत होता. "तुम्ही बाबांशी बोलत काहून नाही?"

"बघू ना."

"काय बघू? आत्याबाईंसाठी न्हाणी, अन् आत्याबाईंनाच आत जाता येत नाही. बाजेवर बसून ओल्या फडक्यानं अंग पुसून राहिल्या त्या!"

रविवारी नत्थू पुन्हा आला. त्याने मान वर करून छताचा अंदाज घेतला.

"टिना वर घेऊ का, रुपरावजी? नाही तं साहेबाचं डोस्कं फुटन."

रुपराव विचारात पडले. तेवढ्यात भिंत धरत धरत रुखमाबाई आल्या. खांद्यावर लुगडे, हातात साबणाची डबी. प्रेमिला त्यांना आधार द्यायला धावली, पण त्या न्हाणीवरून सरळ पुढे, बाहेरच्या दाराकडे निघाल्या.

"कुठं चालली वं?" रुपरावांनी विचारले.

"मारोतरावच्या घरी. आंघोळीले. त्याहीच्या कुसुमताईले सांगून ठेवलं हाय."

"दुसऱ्याच्या घरी? लोक काय म्हणतीन?"

"कोणी इचारलं तं सांगीन, आमची न्हाणी झाडासाठी हाय." एका हाताने दाराची चौकट धरून त्यांनी चप्पल पायात सरकवली. "त्याहीच्या इथं पाणी खाली जाते म्हणे."

नत्थूने तोंड फिरवले. रुपराव गुडघ्याएवढ्या उंबरठ्याकडे पाहत राहिले. मग बायकोच्या गुडघ्यांकडे. मग त्यांची नजर टेंगूळ आलेल्या मुलावर गेली, तिथून सुनेवर, आणि त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला.

"एवढे शिकलेले लोक घरात," ते कडाडले, "अन् साधी गोष्ट एकाच्याही ध्यानात येऊ नये? नत्थू, फोड ती फरशी! पाइप नालीकडे काढ!"