अंगठा बघणारे शिंदेमामा

शिंदेमामांना नुसता नमस्कार चालत नाही, हात पुढे करावा लागतो. तो हाती लागला की ते आपला अंगठा धरून वाकवून बघतात आणि म्हणतात, "आखूड हाय. आधी अंगठा, मग बाकीचं." पहिल्या भेटीत मला वाटलं, भविष्य बघतायत. मी प्रमोशनचंही विचारून घेतलं.

इकडे आखातात, अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळ फलटणकडचे, फौजेतून निवृत्त. इथं कुठल्या कंपनीत, असं विचारलं की म्हणायचे, "हाय एक." एवढ्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसेल?

त्यात एकदा दुकानात ते रांगेत माझ्यापुढे होते. टोपलीत मेथीची जुडी आणि लाल नेलपॉलिश! साठीच्या एकट्या माणसाला नेलपॉलिश कशाला? घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "कोणीतरी आहे." पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं दाराला कान लावून पैंजण ऐकत होतो.

मग एका शुक्रवारी भर दुपारी त्यांचं दार किलकिलं दिसलं. आत पडदे ओढलेले, आणि त्या अंधारात मामा लांब बंदूक खांद्याला लावून भिंतीवर झगझगीत उजेड पाडत होते! मी शूर माणूस. तडक लिफ्टमध्ये शिरलो आणि खाली नातूरला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, सगळं सांगून मोकळा झालो.

नातूर युसूफभाई चहाचा कप ठेवत उठला. "मालिक को बोलता हूँ. पुलिस आया तो इसका काम खलास. सीधा इंडिया."

माणूस संशयित खरा, पण मेथी घेणारा होता. "पाँच मिनट रुको, पहले मैं देखता हूँ," असं म्हणून मी परत वर आलो आणि बेल वाजवली.

"या की! बरं झालं आलात," मामा म्हणाले. हातातली बंदूक लाकडाची होती. फळी कापून केलेली, पुढे खरीखुरी बॅटरी बसवलेली.

कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या रायफलींना बॅटऱ्या लावायच्या होत्या. कुठली घ्यायची, कुठं बसवायची, ते मामांनी ठरवायचं. "ड्यूटीचं दारोदार सांगायचं नसतं," ते म्हणाले. पण आत आलोच आहे म्हटल्यावर सगळं सांगितलं. "साहेब म्हणतो, लई उजेडाची घ्या. पांढऱ्या भिंतीवर मारा, आपलंच डोळं दिपत्यात. मागं बसवली तर नळीची सावली पडती. पुढं सरकवली तर बटणाला अंगठा पोचत न्हाई."

"आणि ते नेलपॉलिश?"

त्यांनी नटावरून बॅटरी धरणाऱ्या पट्टीवर गेलेली लाल रेघ दाखवली. "दणके बसून नट फिरला की रेघ तुटती. बघताक्षणी कळतं."

आमची पैंजणवाली तिथंच खलास झाली. मी खाली फोन केला. "लकड़ी है, युसूफभाई."

"लकड़ी के लिए मेरा चाय ठंडा किया?"

मामांना यातलं मी अजून काही सांगितलेलं नाही.

त्यांनी मला भिंतीपाशी उभं केलं. तिथं आधी माणसाच्या जागी झाडूला अडकवलेला एक सदरा होता. "ह्यो बोलत न्हाई," म्हणत त्यांनी तो बाजूला केला. बंदूक मात्र माझ्याकडे रोखली नाही. झोत माझ्या पायांपुढे फरशीवर टाकला. "माणसाकडं नळी करायची न्हाई. खालनं उजेड वर सांडतो, तेवढ्यात चेहरा दिसतो. चेहरा बघितल्याबिगर कायबी करायचं न्हाई."

अर्धा तास मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. "डोळ्यावर येतंय? आता?" मध्येच चहा, शेंगदाण्याचा लाडू, पुन्हा कोपरा.

"निर्णय कधी द्यायचाय, मामा?"

"दिला की. मागल्या महिन्यात. बॅटऱ्या बसवूनबी झाल्या."

"मग आज हे कशासाठी?"

मामा पडदे सरकवायला वळले. दोनच पडदे, पण त्यांना बराच वेळ लागला.

"पुढल्या शुक्रवारी त्या दाराकडनं बघू," पाठमोरेच ते म्हणाले. "घरनं ताईंनाबी आणा. त्यांची उंची येगळी आसंल."