पर्युषणात संगणकाला किडे

प्रकाशचंद शेठ संगणकासमोर बसले आणि संगणकाने बोंब ठोकली. पडदा लालभडक झाला, भोंगा वाजू लागला आणि काळे किडे पडदाभर तुरुतुरु पळायला लागले. खाली हिंदीत लिहिलं होतं, ‘आपका कंप्यूटर खतरे में है. बंद मत कीजिए.’ त्याखाली हातोड्याचं चित्र आणि लाल बटण, ‘सबको मारो’.

अकरा वाजता याच संगणकावर त्यांच्या लेकीची, आयुषीची मुलाखत होती. कंपनी बंगळुरूची, मोबाइल चालणार नाही असं आधीच कळवलेलं. दोनदा हुकलेली नोकरी पुन्हा दाराशी आली होती आणि मुलगी मोबाइल घरी ठेवून जैन स्थानकात महाराजसाहेबांकडून मांगलिक ऐकायला गेली होती. ‘घरी कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो’ असं शेठजी जळगावच्या बाजारात कायम सांगत, त्यामुळे कोणाला बोलावणंही पंचाईतीचं होतं.

त्यांनी माउस लाल बटणावर नेला, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, जतनबाईंनी मागून मनगट धरलं.

“काय करून राहिले तुम्ही?”

“किडे मारतोय. सोड हात!”

“पर्युषण चालू आहे! मी उपवासाला बसली आणि तुम्ही घरात हातोडा चालवता?”

“अगं, चित्र आहे ते!”

“असू दे चित्र. पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप लागतं. महाराजसाहेबांनी काल व्याख्यानात सांगितलं, तेव्हा तुम्ही डुलक्या घेत होते.”

हे खरं असल्यामुळे शेठजींनी फक्त मनगट सोडवायची खटपट केली.

सगळ्या गल्लीत घुमणारा भोंगा ऐकून शेजारचे गिरधर आबा आले. मूळचे साक्रीचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आधी बोनेट उघडायचं, मग विचार करायचा, असा त्यांचा स्वभाव.

“काय शे हाई शेठ? बठ्ठी गल्लीले भोंगा आयकू यी ऱ्हायना!” म्हणत त्यांनी सरळ वायर उपटली.

घर शांत झालं. वायर पुन्हा जोडली, संगणक चालू केला, शेठजींनी देवाचं नाव घेतलं. कोपऱ्यात टिंग करून एक चौकट उगवली. घाबरून ती बंद करायला गेले आणि भलतीकडेच दाबलं. किडे परत हजर.

“भलता चिवट शेतस!” आबा म्हणाले आणि हात झटकून घरी गेले.

पडद्यावर मदतीसाठी एक फोन नंबर होता. शेठजींनी तो लावला. पलीकडचा माणूस गुळासारखा गोड बोलत होता.

“घबराइए मत अंकल. लाल बटन दबाइए, फिर मैं जैसा बोलूँ वैसा कीजिए.”

जतनबाईंनी फोन ओढून घेतला. “भैया, मारने के सिवा कुछ इलाज नहीं क्या? बाहर छोड़ने का देखो ना. हम तो मुंगी भी कागज पे लेके बाहर रखते.”

“माताजी, मारना ही पड़ेगा.”

“क्यों पड़ेगा? आपका क्या बिगाड़ा उसने? घर में माँ है ना आपकी? उसको मालूम है, आप दिनभर क्या काम करते?”

त्याला पढवलेल्या उत्तरांत याचं उत्तर नसावं. फोन बंद झाला.

शेठजी उठत, बसत, खिडकीशी जात, परत येत. “मुलीचं नुकसान झालं तर तुझं पुण्य घेऊन काय करायचं?” ते कडाडले. जतनबाईंचे डोळे भरून आले. लेकीसाठी त्यांचाही जीव तुटत होता, पण माउस त्यांनी पदराखाली धरून ठेवला.

आयुषी आली ती धापा टाकत. पडदा बघताच ओरडली, “बटण दाबलं का कोणी?”

“हिने दाबू दिलं तर ना!”

“वाचलो! पप्पा, ते बटण म्हणजेच सापळा. दाबलं असतं तर सगळा कॉम्प्युटर त्या लोकांच्या हातात गेला असता.”

तिने पान बंद केलं, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरली आणि थांबली. “पप्पा, या सूर्यास्ताच्या साइटला सूचना पाठवायची परवानगी कोणी दिली? त्यातूनच हे किडे येतायत.”

शेठजी खाकरले. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेण्याचा त्यांचा नेम. कॅलेंडरवर वेळ मुंबईची, म्हणून जळगावची ते रोज संगणकावर बघत. त्या साइटने एकदा नम्रपणे परवानगी मागितली. दारात आलेल्याला नाही म्हणायची दुकानदाराला सवय नसते.

आयुषीने परवानगी काढून घेतली, संगणक तपासून घेतला. टिंग थांबलं.

“मेले का गं?” जतनबाईंनी हळूच विचारलं.

“नाही मम्मी. फक्त दार लावून घेतलं.”

अकराला मुलाखत सुरू झाली. दाराबाहेर दोघं कान लावून उभे. पहिलाच प्रश्न आला, अलीकडे सोडवलेली एखादी अडचण सांगा. आयुषीने सांगितलं. सूर्यास्त, परवानगी, हातोडा, पदराखालचा माउस, काहीच गाळलं नाही. आतून हसण्याचा गडगडाट झाला. शेठजींचे कान लाल झाले.

“नाव तरी नको सांगू माझं,” ते दाराला पुटपुटले. आत तिने नावही सांगितलं.

नोकरी मिळाली. पर्युषण संपल्यावर शेठजींनी बाजारभर पेढे वाटले.

“शेठ, एवढ्या मोठ्या कंपनीने पोरीला विचारलं तरी काय?” शेजारच्या दुकानदाराने विचारलं.

शेठजींनी खोका त्याच्यापुढे सरकवला. “काही नाही हो, घराण्याची चौकशी केली. पसंत पडलं त्यांना.”