तोकुनागांनी वाडगा घासला

निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात यासुहेई तोकुनागांनी घरकामात मदत करायचं मनावर घेतलं. बायको, चिएको, बहिणीकडे फुकुओकाला गेलेली, त्यामुळे त्यांना अडवायला घरात कोणी नव्हतं.

कारात्सूच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं टाक्यांमध्ये क्लोरीन सोडून त्यांची एक श्रद्धा पक्की झाली होती: रंग दिसला की घाण समजायची. सोमवारी सकाळी कपाट आवरताना लाकडी पेटीत चिएकोचा चहाचा वाडगा निघाला. आत बारीक भेगांतून तपकिरी डाग पसरलेले.

"एवढी टापटिपीची बाई, आणि पाहुण्यांना यात चहा देते," असं पुटपुटत त्यांनी वाडगा ब्लीचच्या पाण्यात बुडवला. दुपारी तो कालच भट्टीतून काढल्यासारखा कोरा करकरीत निघाला.

समाधानाने पेटी बंद करताना झाकणाच्या आतला कागद दिसला. चिएकोने सुनेसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या. 'आधी कोमट पाण्यात भिजवणे. साबण अजिबात नाही. तीन दिवस सावलीत वाळवणे. मामंजींना हात लावू न देणे.'

तोकुनागांनी कागद पुन्हा वाचला. हा तोच वाडगा. चहाविधी शिकवणाऱ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या इदेगुचीबाईंनी आपल्या सगळ्या शिष्यांमधून चिएकोला निवडून दिलेला. आणि रविवारी बाई याच घरी चहाला येणार होत्या.

वाडगा फडक्यात गुंडाळून ते गल्लीच्या टोकाला मात्सुओ कुंभाराकडे गेले. मात्सुओने वाडगा नाकाशी नेला.

"हा वाडगा आहे की पोहण्याचा तलाव?"

"डाग परत आणता येतील का?"

"डाग काय म्हणता, रंग म्हणा. अर्धा वाडगा आम्ही करतो, उरलेला अर्धा पिणारा करतो."

"पिणाऱ्याला किती दिवस लागतात?"

"तीसेक वर्षं."

"रविवारपर्यंत नाही का जमणार?"

मात्सुओने फिरतं चाक थांबवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग लवकर प्यायला लागा."

तोकुनागांना थट्टा कधीच कळत नसे. संध्याकाळपर्यंत त्यांनी हिरव्या चहाचे एकोणीस वाडगे रिचवले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, वाडगा मात्र ढिम्म. मंगळवारी त्यांनी पातेल्यात चहाचा अख्खा पुडा ओतून त्यात वाडगा उकळत ठेवला. बाहेर काढला तर शेवाळ धरलेल्या टाकीसारखा दिसत होता. तेवढ्यात दारात चिएको.

त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. चिएकोने वाडगा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि फिरवून पाहिला.

"चहानं नाही चढत हो तो रंग," ती शेवटी म्हणाली. "कॉफी लागते. कडक. आणि चार दिवस."

तोकुनागांनी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

"बाईंचा वाडगा अकरा वर्षांपूर्वीच माझ्या हातून फुटला." ती पातेलं घासायला घेत म्हणाली. "हा बाजारातला. आता बघत काय बसलाय, कॉफी आणा. आणि मात्सुओच्या दुकानावरून जाऊ नका."

चार दिवस दोघं आळीपाळीने कॉफी बदलत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात एकत्र केलेलं हे त्यांचं पहिलंच काम. शनिवारी चार वेळा साध्या पाण्यात उकळून वास घालवला.

रविवारी इदेगुचीबाई आल्या. चहा प्यायल्या, वाडगा दोन्ही हातांत फिरवला, चष्मा कपाळावर चढवून आत डोकावल्या. चिएको किटलीचं झाकण उगाच सारखं करू लागली. तोकुनागा चटईचे धागे मोजत होते.

"रंग फार सुरेख चढलाय गं," बाई हळूच म्हणाल्या. "मला कॉफीनं एवढा कधी साधला नव्हता."