मेश्रामकाकांची निळी गाडी

मेश्रामकाका कामावर सायकलनं जायचे, बाजारात सायकलनं जायचे, आणि भांडायचे मात्र दोन जपानी मोटारींवरून. एक निळी आणि एक लाल. दोन्ही टर्बोवाल्या, दोन्हींच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर. दिसायला चार दारांच्या साध्या घरगुती गाड्या, पण पळायला लागल्या की भल्याभल्यांना मागं टाकणाऱ्या. या गाड्या भिलाईत कुणी पाहिल्या नव्हत्या. काकांनीही नाही. पण निळीला कुणी नावं ठेवली, की काका हातातला चहा खाली ठेवत.

गाड्यांच्या कंपन्यांची नावं ते कधी घेत नसत. "कंपनीचं नाव घेतलं का लोकायले वाटते, याले कमिशन भेटून राहिलं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात, सगळ्यांना निळी आणि लाल एवढंच ठाऊक. माझी बायको लग्न होऊन नवीन आली तेव्हा तिला कितीतरी दिवस वाटत होतं, की काकांच्या दोन भाच्या आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीला हवा पुरवणारे जे अवाढव्य ब्लोअर आहेत, त्यांच्यावर त्यांची ड्यूटी. टर्बो हा शब्द त्यांना तिथंच भेटला. माझ्या आईला त्यांनी तो एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावला होता. "वहिनी, चुलीत फुंकणीनं फुंकता का नाई? जाळ भडकते का नाई? तोच टर्बो. फक्त गाडी आपल्याच धुरानं आपली फुंकणी फुंकते." आई म्हणाली, "मग तिचे डोळे चुरचुरत असतील."

त्यांची सगळी विद्या सुपेल्याच्या बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडून आलेली. तिथं इंग्रजी मोटारींची जुनी मासिकं किलोच्या भावानं मिळत. काकांचं इंग्रजी अडखळत चालायचं, म्हणून त्यांची मुलगी सुजाता शाळेत होती तेव्हापासून त्यांना ती वाचून दाखवायची. एका अंकात निळी आणि लाल यांची समोरासमोर परीक्षा होती. वेग, ब्रेक, वळणं, ओला रस्ता, सगळं तपशीलवार. फक्त निकालाचं शेवटचं पान फाटलेलं. त्या पानात कुणीतरी भजी खाल्ली असणार. काका तीन रविवार रद्दीच्या ढिगात ते पान शोधत होते. सापडलं नाही, तेव्हा त्यांनी निकाल आपला आपणच लावला.

निकाल असा होता. नुसत्या ताकदीत लाल थोडी पुढे, हे काका कबूल करत. पण लालमध्ये कॉम्प्युटर. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा, ते तो ठरवणार. "म्हणजे वर साहेब बसला, अन् तो सांगीन तसं चाकायनं फिराचं," काका म्हणत. "निळीत साहेब नाई. चारही चाकाले बराबरीचा हक्क. दोन चाकं कमावते अन् दोन फुकट घसटत जाते, हे आपल्याले मंजूर नाई." शिवाय निळीचं इंजिन आडवं, पिस्टन जमिनीला समांतर, त्यामुळे गाडीचा भार खाली राहतो. हे सांगताना ते दोन्ही मुठी छातीपुढे आणून पैलवानासारखे डावी-उजवीकडे ठोसे मारत. एकदा त्यात चहावाल्याची बरणी गेली.

त्या चहावाल्याकडे त्यांचे प्रतिपक्षी तिवारीजी बसायचे. "लेकिन मेश्रामजी, पावर तो लाल में ज्यादा है!" एवढं एकच वाक्य तिवारीजींना येत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. "जोर किती आहे ते नोका सांगू," काका उसळत, "जोर जमिनीवर उतरला पायजे!" एकदा हथखोजच्या रस्त्यावर आमची भाड्याची अँबॅसेडर चिखलात रुतली. आम्ही सगळे घामाघूम होऊन ढकलत होतो आणि काका बाजूला उभे राहून मागच्या चाकांकडे बोट दाखवत होते, "पाहा, पाहा! जोर आहे, पण उतरून नाई राहिला!" शेवटी काकू म्हणाल्या, "तुमचा जोर उतरवा आधी इकडे." तेव्हा त्यांनी हात लावला.

माणसांनाही ते हाच हिशेब लावत. पुढून ओढणारा, मागून ढकलणारा, आणि चारही चाकांचा. चारही चाकांचं माणूस त्यांच्या मते सेक्टरात एकच होतं, ते म्हणजे काकू. पण हे त्यांनी काकूंना कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

सुजाताला पाहायला प्रशांत आला तेव्हा मी हजर होतो. मुलगा चंद्रपूरचा, नोकरीला न्यूझीलंडमध्ये, महिनाभराच्या सुट्टीवर आलेला. पोहे झाले, नातीगोती निघाली. मग काकांनी घसा साफ केला. काकूंनी डोळे मिटले.

"तिकडं गाडी कोणती?"

"सेकंडहँड आहे, काका. साधीच."

"जोर कोणत्या चाकाले?"

प्रशांतनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पोह्यांकडे. "मला नाही माहीत, काका."

सुजाता दारात उभी होती. तिचा चेहरा असा झाला होता, की हे स्थळ आता मोडणारच. काका मला बाहेर घेऊन गेले. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "गजू, पोरगा इमानदार आहे बे. मायीत नाई तर सरळ नाई म्हणते." आत येऊन त्यांनी होकार दिला, आणि पुढचे दोन तास प्रशांतला निळी आणि लाल समजावली. प्रशांत पुढे सरकून ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा काकांना चेला मिळाला.

लग्न झालं, सुजाता गेली. घरात मासिकं तशीच पडून राहिली. काका चहावाल्याकडे येत, पण तिवारीजींनी लालचं नाव काढलं तरी नुसते हसत.

रविवारी सकाळी ते आणि काकू सुपेल्याच्या फोन बूथवर जात. तिकडे तेव्हा दुपार असायची. मी स्कूटरवरून काकूंना सोडायचो, काका सायकलनं आधीच पोचलेले असत. बूथवाला ओळखीचा, तो स्पीकर लावून द्यायचा. आधी काकू बोलत, लोणचं पोचलं का, खोकला गेला का. मग काका जावयाशी बोलत. तिथं जपानहून जुन्या गाड्या स्वस्तात येतात, रस्त्यावर निळ्याही दिसतात, हे प्रशांतनं सांगितलं त्या दिवशी काकांनी बूथवाल्यालासुद्धा जिलेबी दिली.

मग एका रविवारी प्रशांतचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "बाबा, पगार वाढला! निळी घेतोय! काल चालवूनसुद्धा पाहिली."

काका खुर्चीवरून उठलेच. "काय म्हणता जावईबापू! वळण? वळणावर कशी आहे?"

"घाटात नेली होती, बाबा. रस्त्यावर बर्फ होता, पातळ, दिसतही नाही तो. पण तुम्ही म्हणाले होते तश्शी! एकशेवीसनं वळवली, अजिबात हलली नाही. सुजाता बाजूला बसली होती, ती तर ओरडलीच!"

मागून सुजाताचं हसू ऐकू आलं.

काका खाली बसले. बूथवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. स्पीकरमधून प्रशांत, "बाबा? आवाज येतोय ना?" असं विचारत होता.

"येते," काका म्हणाले. "नोका घेऊ."

"काय?"

"निळी नोका घेऊ. लय गरम होते तिचं इंजिन. टर्बो उशिरा लागते, अन् लागला का एकदम लागते. मागच्या चाकायले जोर वाटून देणारा डिफरन्शियल कच्चा आहे."

"पण बाबा, तुम्हीच तर..."

"म्हटलं होतं."

"मग लाल बघू का?"

"लालही नोका पाहू. दोन्ही नोका. साधी घ्या एखांदी. बिनटर्बोची. भारी, हळू चालणारी."

प्रशांतनं बिचाऱ्यानं हळूच विचारलं, "बाबा, इतकी वर्षं तुम्ही सांगत होते, चुकीचं होतं का ते?"

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "जावईबापू, मी काई कधी बसलो नाई त्याच्यात. पुस्तकातलं सांगत होतो. सुजाताले द्या."

सुजाता फोनवर आली. "काय झालं बाबा?"

"काई नाई. थंडी आहे का?"

"आहे ना, खूप."

"कानाले बांधत जाय," काका म्हणाले, आणि रिसीव्हर काकूंच्या हातात देऊन बाहेर गेले.

मी त्यांच्या मागं गेलो. ते सायकलला टेकून उभे होते. समोर रिक्षा, ट्रक, बैलगाडी, सगळ्यांचा एकाच वेळी चौकातून निघायचा प्रयत्न चालला होता. मी विचारलं, "काका, निळीचा डिफरन्शियल खरंच कच्चा आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई बे," ते म्हणाले. "लय चांगली गाडी आहे."