टिपणीस काकांचं हेल्मेट

हॅलोविनच्या संध्याकाळी आमच्या अमेरिकेतल्या चँडलर गावात सगळी पोरं भुतं होऊन फिरायची. शेजारचे टिपणीस काका मात्र डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून, हातात टॉर्च घेऊन दारात उभे असायचे. पोरांना वाटायचं, हाच त्यांचा वेष. "ग्रेट कॉस्च्यूम!" म्हणून ती ओरडायची. काका खूश!

काका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. अमेरिकेत आपल्या अंगणात कोणी पडलं तर कोर्टात खेचतात, हे ऐकल्यापासून त्यांनी हाय खाल्ली होती. "स्यू करतील, सुनीता, स्यू! घर जाईल!" हे मला ऐकवायचं त्यांचं पालुपद. त्यांच्या भोपळ्यात मेणबत्ती नसे, बॅटरीचा दिवा असे. दिवाळीच्या पणत्याही पायऱ्यांवरून उचलून खिडकीत ठेवलेल्या, कारण एखाद्या चेटकिणीचा झगा पेटला तर? पायऱ्यांच्या कडेला दोरी बांधलेली. अंगणात इतका लख्ख उजेड, की भुतांनीच घाबरावं. एकेका भुताला ते हात धरून वर आणायचे, चॉकलेट द्यायचे आणि परत खाली पोचवायचे.

"काका, बाहेरचा दिवा बंद ठेवा ना," मी दरवर्षी सांगायची. "दिवा बंद दिसला की मुलं बेल वाजवत नाहीत. कोणी येणार नाही, कोणी पडणार नाही."

"दिवाळीच्या दिवसांत दारात काळोख? काहीतरीच तुझं!"

एका वर्षी व्हायचं ते झालंच. एक चिमुकली चेटकीण काकांच्याच दोरीत पाय अडकून आपटली. गुडघा फुटला. त्यात तिचे वडील वकील! काकांनी आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं, तेव्हा कुठे तिचं रडं थांबलं. ते घालूनच ती घरी गेली. इकडे काकांच्या घशाखाली घास उतरेना.

रविवारी मी त्यांच्याकडे असतानाच बेल वाजली. दारात वकीलसाहेब. काका माझ्यामागे सरकले. पण साहेबांच्या हातात फक्त हेल्मेट होतं. "पुढच्या वर्षीही येऊ का, विचारतेय," ते हसत म्हणाले.

"येस, येस! आय विल रिमूव्ह द रोप!"

ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, आता तरी पुढच्या वर्षी दिवा बंद ठेवा."

काका हेल्मेट पुसत राहिले. "अगं, तुझ्या काकू गेल्यापासून ही बेल वाजते ती त्याच एका संध्याकाळी. जाईना का घर!"

आम्ही शेजारी नेहमी गॅरेजमधूनच हाका मारत आत शिरायचो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली.

"आलो, आलो!" आतून केवढ्या तरी आनंदाने आवाज आला. "पायरी सांभाळ गं!"