ताराक्कांचं सासर

आमच्या घरमालकीण ताराक्का रोज संध्याकाळी सासूबाईंचं अंग स्वच्छ पुसतात, त्यांच्यावर जुनी सुती साडी पांघरतात आणि मग त्यांचा प्लग काढतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. सासूबाई म्हणजे टेबल सॉ, विजेवरची करवत. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं आणि खाली मोटर. "सासूबाई का म्हणता?" असं मी विचारलं, तर ताराक्कांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"अगं गौरी, ही जागची हलत नाही. लाकूड घेऊन आपणच हिच्याकडे चालत जायचं, आणि ही बसल्या जागी कापणार. आणखी काय नाव ठेवू की?"

ताराक्का शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की पुणं त्यांच्या लेखी परगाव. मराठी बोलता बोलता त्यात कन्नड कधी मिसळतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका सुताराकडून कपाट करून घेतलं. त्याचं दार उघडलं की बंद होईना आणि बंद झालं की उघडेना. ताराक्का तडक चिकपेटेच्या बाजारात गेल्या, रागाच्या भरात एक जिगसॉ घेऊन आल्या आणि ते दार स्वतः कापून नीट बसवलं. राग चार दिवसांत गेला, करवती मात्र येत राहिल्या. आता त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, सासर आहे.

त्या सासरची ओळख प्रत्येक नव्या माणसाला करून दिली जाते. हातात धरून फळीवरून पुढे ढकलायची ती सर्क्युलर सॉ, म्हणजे थोरल्या जाऊबाई. "नाकासमोर चालतात, कामाला वाघ. पण मध्येच वळायला सांगितलंस की उसळून अंगावर येतात." जिगसॉ म्हणजे नणंद. पातं बारीक, खालीवर लवलवणारं, कुठल्याही वळणावरून जाणारं. फळीच्या पोटात बोटभर भोक मिळालं की तेवढ्यातून आत शिरते. पट्ट्या तिरक्या कापणारी मायटर सॉ म्हणजे मामंजी. "मान वर, मान खाली, एवढंच करतात. पण कोन कधी चुकणार नाही." ओंडके चिरणारी मोठी बँड सॉ त्यांच्याकडे नाही. ती आतेसासूबाई. शहराबाहेर होसकोट्याला ओळखीच्या एका कारखान्यात राहते आणि ताराक्का सणासुदीला एखादा ओंडका घेऊन तिला भेटून येतात.

यातलं कोणीही काल्पनिक नाही. चिकपेटेतल्या घरात ताराक्का मोठ्या कुटुंबात नांदल्या. मग घर विकलं, पांगापांग झाली, जाऊबाई एका टोकाला गेल्या आणि नणंदबाई दुसऱ्या. ताराक्कांच्या वाट्याला हे छोटं घर आलं, त्याच्या निम्म्या पोर्शनमध्ये आम्ही राहतो. नणंदबाईंना एकदा जिगसॉ चालवून दाखवली होती म्हणे. त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा आवाज कमी आहे."

हार्डवेअरच्या दुकानात ताराक्का गेल्या की मालक आतल्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. एकदा मी सोबत होते. नवा पोरगेला विक्रेता म्हणाला, "कुठल्या कटरचं ब्लेड पाहिजे अम्मा?" झालं. "कटर म्हणजे काय रे? घरातल्या सगळ्या बायकांना तू 'ए बाई' अशी हाक मारतोस काय?" पुढची पंधरा मिनिटं त्याने ऐकून घेतलं. उभं कापायचं पातं वेगळं, त्याला दात कमी. आडवं कापायचं वेगळं, त्याला दात जास्त. आणि मार्बल कापायचं पातं लाकडाला लावणाऱ्याला पोलिसांत दिलं पाहिजे. शेवटी त्याने पातं दिलं ते दोन्ही हातांनी, प्रसादासारखं.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे घास. पातं लाकडातून जातं तेव्हा आपल्या जाडीएवढं लाकूड खाऊन भुसा करतं. तो पात्याचा घास. तो मापात न धरणारा माणूस त्यांच्या दृष्टीने अडाणी. मी एकदा दिवाळीच्या वड्या पाडत होते, तर मागून आवाज आला, "सुरीचा घास धरलास काय?" आता खोबऱ्याच्या वडीत घास कसला धरायचा? पण मी "धरला" म्हणून मोकळी झाले. त्या घरात भांडणापेक्षा खोटं बोलणं सोपं जातं.

आवाजाचं म्हणाल, तर सुरुवातीला मी पुरती वैतागले होते. माझं काम घरून चालतं. मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं होतं, तू दातांच्या डॉक्टरकडे बसली आहेस का. पण ताराक्कांची शिस्त अशी की कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी फोन येणार. "जाऊबाई बोलणार आहेत. स्वल्प कान झाकून घ्या. ओवी जागी आहे काय?" ओवी म्हणजे आमची अडीच वर्षांची मुलगी. ती झोपलेली असेल तर सगळं सासर गप्प बसायचं. जागी असेल तर ती खिडकीत उभी राहून विचारायची, "आज कोण?" आणि ताराक्का गॅरेजमधून सांगायच्या, "मामंजी."

आमच्या बेडरूमला दोन दारं. एक आमच्या हॉलमध्ये उघडणारं, रोजचं. दुसरं ताराक्कांच्या पोर्शनमध्ये उघडणारं, कायमचं बंद. त्यांच्या बाजूने एक कडी, आमच्या बाजूने एक. आमची कडी अगदी खाली, जमिनीलगत, आणि रंगाने बुजलेली. हे दार चिकपेटेतल्या घराचं, तिथून काढून आणलेलं, जाड सागवानी. भाडं ठरवताना ताराक्कांनी एकच अट घातली होती. "भिंतीला वाटेल तेवढे खिळे मारा. या दाराला टाचणी टोचलेली चालणार नाही."

तो कामाचा दिवस होता. माझा नवरा नितीन होसकोट्याला कंपनीत, मी हॉलमध्ये मीटिंगला बसलेली. ओवीने बेडरूमचं हॉलकडचं दार लोटलं आणि आतून कडी सरकवली. लावता आली, काढता येईना. आधी तिला गंमत वाटली, मग ती दार बडवायला लागली, मग रडायला.

ओवी रडताना श्वास धरते. ओठ निळे पडतात, डोळे फिरतात आणि कोणीतरी उचलून तोंडावर फुंकर मारली की श्वास सुटतो. वयाबरोबर जाईल, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना म्हणायला काय जातं. आता मध्ये बंद दार होतं, खिडकीला गज होते, आणि फुंकर मारायला आत कोणी नव्हतं.

मी काय ओरडले ते आठवत नाही. ताराक्का गॅरेजमधून धावत आल्या, कपाळावर चष्मा, केसांत भुसा.

"फोडूया दार," मी म्हणाले.

"आणि ती दाराला चिकटून उभी आहे, तिला लागलं म्हणजे?"

"मग ते मधलं दार कापा. तुमच्या बाजूने. नणंदेने पाच मिनिटांत होईल."

"नणंद नको. तिच्या आवाजाने पोर घाबरून श्वास धरेल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही. कडीपाशी हातकरवतीने कापते." त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "आधी मला एक सांग. तिची बोटं कुठे आहेत?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. पलीकडून खरखर ऐकू आली की ओवी बघायला जाणार, दारावर दोन्ही हात ठेवणार, आणि तिथूनच पातं बाहेर येणार.

"टाळ्या," ताराक्का म्हणाल्या. "तिला पलंगावर बसव आणि टाळ्या वाजवायला लाव. टाळी ऐकू येते तोवर दोन्ही हात हवेत आहेत. टाळी थांबली की मी थांबेन. तू फक्त टाळी थांबू देऊ नकोस. सरी? कळलं ना?"

त्या गेल्या. साधी पेन्सिलीची रेघ मारायला अर्धा तास लावतात म्हणून ज्यांना मी हसायचे, त्या त्या दिवशी माप घ्यायलाही थांबल्या नाहीत.

मी दाराला तोंड लावून बोलायला लागले. ओवी, पलंगावर चढ. टाळी वाजव. सासूबाईंना एक टाळी. जाऊबाईंना एक टाळी. पहिल्यांदा नुसते हुंदके आले. मग एक ओली, दबकी टाळी. मग दुसरी. पलीकडून गिरमिटाने लाकडात भोक पाडल्याची कुरकुर ऐकू आली आणि पाठोपाठ हाताच्या करवतीची खरखर. मामंजींना एक टाळी. आतेसासूबाईंना एक टाळी. सगळं सासर संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मध्येच टाळी थांबली. खरखर तिथल्या तिथे थांबली.

"कोण येतंय?" ओवीने विचारलं. "नणंद?"

मधल्या दाराच्या पलीकडून ताराक्कांचा आवाज आला, वर्गात हजेरी घेताना असावा तसा शांत. "आज कोणी नाही गं. मीच येते आहे. तू टाळ्या वाजव, म्हणजे मला वाट सापडेल."

टाळी सुरू झाली. करवत सुरू झाली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग लाकूड खाली पडल्याचा आवाज, कडीवर एक ठोका, दुसरा ठोका, आणि टाळ्या बंद. त्यानंतर काहीच नाही. मी दाराला कान लावून उभी राहिले, तेवढ्यात आमच्या दाराची कडी आतून सरकली.

ताराक्का उभ्या होत्या, ओवी त्यांच्या कमरेवर. तिचे ओठ लाल होते, गालांवर अश्रू सुकलेले, आणि ती ताराक्कांच्या केसांतला भुसा वेचत होती. मी जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आयुष्यात इतकं मोकळं मी कधी रडले नव्हते.

"रड की," ताराक्का म्हणाल्या. "श्वास तेवढा धरू नको."

नितीनने त्या संध्याकाळी बेडरूमची कडी काढून टाकली. मधल्या दाराच्या तळाला मात्र वहीएवढं भोक राहिलं, त्यावर ताराक्कांनी पुठ्ठा लावला. एरवी कपाटाची फळी केसभर हलली तर ज्यांना झोप येत नाही, त्यांना हे भोक बुजवायला सवड होईना. आज म्हणे जुळणारा सागवान मिळत नाही. उद्या म्हणे पात्याला धार नाही. परवा हवा दमट आहे. इकडे ओवीने पुठ्ठा केव्हाच फाडला होता आणि दिवसभर भोकाशी पालथी पडून पलीकडे गप्पा मारत होती. चिकपेटेतल्या चांगल्या दाराचं आमच्यामुळे वाटोळं झालं या विचाराने मला अपराधी वाटायचं. शेवटी मी म्हणाले, मी सुतार बोलावते.

"सुतार? माझ्या घरात?" त्या इतक्या दुखावल्या की मी विषय सोडला.

पुढच्या रविवारी त्या हत्यारांची पेटी घेऊन बेडरूममध्ये आल्या. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत घासल्या, ओवीने हात फिरवून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान झालं नाही. मग पितळी बिजागऱ्यांवर एक छोटी झडप बसवली, नाजूक, दागिन्यांच्या पेटीला शोभेल अशी. तिला एक बारीक कडी लावली, आमच्या बाजूने.

"तुम्ही कामात असला, झोपला असला, नाहीतर नुसता कंटाळा आला, तरी लावून घ्या. मला वाईट वाटणार नाही."

"आणि तुमच्या बाजूची कडी?"

त्या खाली वाकून भुसा गोळा करायला लागल्या. "माझ्या बाजूला कशाला गं? मला काय बंद करायचं आहे? दिवसभर नावं घेऊन यंत्रांशी बोलते झालं. ती बोलतात, पण प्लग लावला तर."

मी चहा टाकते म्हणाले, तर त्या "बेडा, नको" म्हणून पेटी उचलून निघूनही गेल्या.

रात्री मी जेवायला वाढलं, तर ओवी आपलं ताट दोन्ही हातांनी धरून, वरण सांडत, बेडरूममध्ये गेली. जमिनीवर बसून तिने झडप उघडली आणि हाक मारली. पलीकडे कोणीतरी गुडघे धरत, कण्हत खाली बसलं. मग एक ताट फरशीवरून सरकत झडपेशी आलं. मी नितीनला म्हटलं, आपणही तिथेच बसू.